सूर वस्तीत परत आणणारा माणूस
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



समितीच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला बोलावले, तेव्हा विषयाचे बंधन घातले नाही. 'मुलांना काहीतरी घेण्यासारखे सांगा,' एवढेच म्हणाले. म्हणून आज आम्ही एका वादकाबद्दल बोलणार आहोत. त्यांचे नाव जॅकी मॅक्लीन. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकले नसेल. ऐकण्याचे काही कारणही नव्हते. हा माणूस अमेरिकेतला, काळ्या वस्तीतला, आणि वाजवायचा ते जॅझ नावाचे संगीत. पण त्यांच्या आयुष्यात आपल्या वस्तीचा एक जुना प्रश्न आम्हाला दिसतो. वस्तीतला एखादा पोरगा मोठा झाला, नावारूपाला आला की आपली छाती फुगते. आपण सत्कार करतो, हार घालतो. पण तो मोठा झाला त्याचा वस्तीला काय उपयोग झाला, हे मात्र आपण विचारत नाही. मॅक्लीन यांनी हा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारला, आणि उत्तर बोलून नव्हे, करून दाखवले.

आधी वाद्याबद्दल दोन शब्द. सॅक्सोफोन तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत बँडवाल्यांच्या गळ्यात जे पितळेचे, खाली वाकडे वळलेले वाद्य असते, तेच हे. अ‍ॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने ते तयार केले आणि १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण आवाज निघतो तो तोंडाशी बसवलेल्या पातळ पट्टीतून, सनईला पत्ती असते तशी. त्यामुळे त्याचा सूर माणसाच्या गळ्याच्या जवळ जातो. रडतो, हसतो, कधी भांडतोसुद्धा.

आणि जॅझ म्हणजे काय? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी अमेरिकेत उभे केलेले संगीत. ते समजायला आपला जलसा डोळ्यांसमोर आणा. एक ध्रुवपद ठरलेले असते. ते सगळे मिळून म्हणतात. मग गायक त्यात आपल्या मनाने भर घालतो, कोरस उत्तर देतो, आणि पुन्हा सगळे धुवपदावर येतात. जॅझचेही साधारण असेच असते. ठरलेली चाल एकदा वाजवायची, मग प्रत्येक वादकाने त्याच चौकटीत, त्याच क्षणी सुचेल ते वाजवायचे. हे संगीत आपल्या मुंबईतही फार पूर्वी आले. १९३५ च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. पुढे गोव्याच्या वादकांनी ते उचलले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आणले. तेव्हा जॅझचे नाव नवे वाटले, तरी त्याचा अंश आपल्या कानांवरून पूर्वीच गेलेला आहे.

आता जॅकी मॅक्लीन यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १७ मे १९३१ रोजी न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या भागात झाला. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, त्याला हा भाग अगदी खेटून आहे. जॅकीचे वडील गिटार वाजवत, टायनी ब्रॅडशॉ यांच्या वाद्यवृंदात ते होते. पण १९३९ साली ते वारले. पोरगा तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा. पुढे आईने दुसरे लग्न केले आणि सावत्र वडिलांचे तबकड्यांचे दुकान होते. शाळा सुटली की जॅकी दुकानात. पंधराव्या वर्षाच्या आसपास हातात आल्टो सॅक्सोफोन आला. आल्टो म्हणजे सॅक्सोफोनमधला मध्यम आकाराचा, चढ्या आवाजाचा प्रकार.

त्या वस्तीचे वैशिष्ट्य लक्षात घ्या. हार्लेमच्या शुगर हिल या टेकाडावरच्या गल्ल्यांत त्याच वयाची सॉनी रॉलिन्स, केनी ड्र्यू, आर्ट टेलर ही पोरे वाढत होती. पुढे ही सगळी जगप्रसिद्ध झाली. तेव्हा मात्र गल्लीतल्या पोरांचा बँड होता, एवढेच. आणि शिकवायला कोण? बड पॉवेल हे त्या काळचे थोर पियानोवादक जवळच राहत. त्यांचा धाकटा भाऊ तबकड्यांच्या दुकानात येई. त्या ओळखीने जॅकी बड पॉवेल यांच्या घरी गेला आणि पियानोच्या शेजारी उभा राहून शिकला. फी नाही, प्रमाणपत्र नाही. थोरामोठ्यांच्या घराचे दार उघडे होते, म्हणून पोरगा शिकला. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ या उघड्या दारात आहे.

५ ऑक्टोबर १९५१ रोजी वीस वर्षांचा जॅकी माइल्स डेव्हिस यांच्या पथकाबरोबर तबकडी भरायला गेला. स्टुडिओत पाहतो तर समोर चार्ली पार्कर येऊन बसलेले! चार्ली पार्कर म्हणजे आल्टो सॅक्सोफोनचा राजा. त्या पिढीतल्या प्रत्येक पोराचे दैवत. नवशिक्या गायकाला पहिल्याच कार्यक्रमात समोर वामनदादा बसलेले दिसावेत, तशी गत. हातपाय गळाले, पण वाजवले. त्या दिवशीची 'डिग' नावाची चाल आपली होती, असे मॅक्लीन पुढे सांगत. तबकडीवर मात्र नाव माइल्स डेव्हिस यांचे लागले.

इथपर्यंत सगळे छान वाटते. पण दुःखाचा भागही सांगितला पाहिजे. चार्ली पार्कर यांना हेरॉइनचे व्यसन होते. आणि पोरांनी काय केले? पार्करसारखे वाजवायचे तर पार्करसारखे जगले पाहिजे, असा समज करून घेतला. खरे तर पार्कर वाजवत होते ते व्यसनामुळे नव्हे, तर व्यसन असूनही. पण विशीच्या आतल्या पोराला हे कोण सांगणार? त्या काळी हार्लेमच्या गल्ल्यांत हेरॉइन सहज मिळू लागले होते. कितीतरी वादक त्यात सापडले. जॅकी मॅक्लीन हेही सापडले.

मॅक्लीन यांनी सांगितलेली एक आठवण आहे. एका रात्री पार्कर यांनी भर रस्त्यात त्यांना म्हटले की मला लाथ मार. कशासाठी? तर मी स्वतःची ही अवस्था करून घेतली आणि तुमच्यापुढे हा आदर्श ठेवला, याबद्दल. पोरगा गांगरून गेला. गुरूला लाथ कशी मारायची? १२ मार्च १९५५ रोजी पार्कर वारले. वय फक्त चौतीस वर्षे. म्हणजे ज्या माणसाच्या मागे एक पिढी धावली, त्यालाच आपली चूक कळली होती. पण तोवर पोरे अडकलेली होती. मोठ्या माणसाच्या गुणांबरोबर त्याचे अवगुणही लहान मुले उचलतात, हे व्यासपीठावर बसणाऱ्या आम्हा सर्वांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

व्यसनाची किंमत मॅक्लीन यांनी अनेक वर्षे मोजली. तुरुंग पाहिला. आणि त्याहून मोठा फटका रोजीरोटीवर बसला. न्यूयॉर्क शहरात १९४० पासून १९६७ पर्यंत एक नियम होता. दारू विकली जाते अशा ठिकाणी गायचे-वाजवायचे असेल तर पोलिसांकडून एक कार्ड घ्यावे लागे. अमली पदार्थांच्या प्रकरणात नाव आले की कार्ड गेले. गायिका बिली हॉलिडे यांचे गेले, पियानोवादक थेलोनियस मंक यांचे गेले, आणि मॅक्लीन यांचेही गेले. जॅझ वाजते ती जागाच मुळी रात्रीची, दारू विकणारी. म्हणजे स्वतःच्या शहरात स्वतःचे वाद्य वाजवून पोट भरायला बंदी! आजारी माणसाला औषध द्यायचे सोडून त्याचे काम काढून घेतले, तर तो बरा कसा होईल?

अशा वेळी दोन गोष्टींनी त्यांना तगवले. एक, तबकड्या. स्टुडिओत वाजवायला पोलिसांचे कार्ड लागत नसे. १९५९ पासून ब्लू नोट या कंपनीसाठी त्यांनी एकामागून एक तबकड्या केल्या. दुसरी गोष्ट, एक नाटक. जॅक गेल्बर यांचे 'द कनेक्शन' हे नाटक लिव्हिंग थिएटरने जुलै १९५९ मध्ये रंगभूमीवर आणले. काही व्यसनी माणसे खोलीत बसून माल आणणाऱ्याची वाट पाहत आहेत, एवढेच त्याचे कथानक. त्यात मॅक्लीन यांनी कामही केले आणि वाजवलेही. रोज रात्री स्वतःचेच दुखणे लोकांपुढे उघडे करायचे. नाटक गाजले, त्याचा चित्रपटही निघाला, आणि मॅक्लीन त्या निमित्ताने युरोपलाही जाऊन आले.

वादक म्हणून त्यांचे मोठेपण कशात होते? त्यांचा सूर किंचित चढा लागे आणि कडक असे. लिंबासारखा. काही जण म्हणत, बेसूर आहे. पण दोन फुंकरींत ओळखू यावे की हा मॅक्लीन. सुरुवातीला ते पार्कर यांची नक्कल करत. १९५६ साली चार्ल्स मिंगस यांच्या पथकात गेले, तेव्हा मिंगस त्यांच्या मागेच लागले की दुसऱ्याचे वाजवू नकोस, तुझे स्वतःचे काय आहे ते वाजव. त्या बोलण्याचा परिणाम झाला.

१९६२ च्या मार्चमध्ये त्यांनी 'लेट फ्रीडम रिंग' ही तबकडी केली. अमेरिकेत तेव्हा नागरी हक्कांचा लढा ऐन भरात होता. मॅक्लीन यांनी वादनाची जुनी बंधने सैल केली, सॅक्सोफोनमधून किंकाळीसारखे सूर काढले. पण आम्हाला त्या तबकडीतली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. तिच्यात चारच रचना आहेत. एक मुलगी मेलोने हिच्या नावाची, एक मुलगा रेने याच्या नावाची, एक आईच्या नावाची. आणि चौथी रचना बड पॉवेल यांची, ज्यांच्या घरी उभे राहून ते शिकले होते. मुलगी, मुलगा, आई आणि गुरू. स्वातंत्र्याचे नाव असलेल्या तबकडीत या माणसाने आपले घर आणले आणि आपला गुरू आणला. मोकळे व्हायचे म्हणजे सगळे तोडून निघायचे, असे त्यांनी मानले नाही.

शिकवण्याची वृत्ती नोकरीच्या आधीपासून होती. १९६२ च्या अखेरीस बोस्टन शहरात त्यांना टोनी विल्यम्स नावाचा एक ड्रमवादक पोरगा भेटला. नुकती सतरा वर्षे पूर्ण झालेली. मॅक्लीन यांनी त्याच्या आईची परवानगी घेतली आणि त्याला न्यूयॉर्कला आणले. दुसऱ्याच वर्षी 'वन स्टेप बियाँड' या तबकडीत त्याला वाजवायला लावले. काही महिन्यांत माइल्स डेव्हिस यांनी त्या पोराला उचलले आणि तो जगभर गाजला. आपल्या पथकातला हिरा दुसऱ्याकडे गेला, तर माणूस चिडतो. आम्ही मात्र म्हणू की तो पोरगा गेला नाही, पुढे गेला. दार उघडे ठेवणाऱ्याच्या घरातून माणसे पुढेच जातात.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मॅक्लीन व्यसनातून बाहेर पडले. आता खरी गोष्ट सुरू होते. १९६८ साली ते हार्टफर्ड शहरातल्या हार्ट संगीत विद्यालयात शिकवू लागले. हे विद्यालय हार्टफर्ड विद्यापीठाचा भाग. शहर न्यूयॉर्कपासून दोनशे किलोमीटरच्या आत. विमा कंपन्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध. कंपन्यांच्या उंच इमारती एका बाजूला, आणि उत्तरेकडे काळ्या लोकांची गरीब वस्ती. त्या वर्षांत तिथे दंगलीही झाल्या होत्या.

विद्यापीठात त्यांनी नुसती बोटे कशी ठेवायची ते शिकवले नाही. इतिहासापासून सुरुवात केली. हे संगीत कुठून आले, आफ्रिकेतून काय आले, शेतावरच्या गुलामांनी काय गायले, चर्चमध्ये काय झाले, हे आधी. १९८० साली विद्यापीठात या संगीताचा स्वतंत्र विभाग त्यांनी उभा केला, तेव्हा त्याचे नाव जॅझ विभाग ठेवले नाही. 'आफ्रिकन-अमेरिकन संगीत विभाग' ठेवले. ज्यांनी हे निर्माण केले त्यांचे नाव दारावर पाहिजे, हा आग्रह. नावात काय आहे, असे लोक म्हणतात. ज्यांची नावे पुसली गेली, त्यांना विचारा नावात काय आहे ते! एके काळी पोलिसांनी ज्याचे कार्ड काढून घेतले, तोच माणूस आता विद्यापीठात मुलांना पदवीपर्यंत नेत होता.

पण विद्यापीठात पोहोचणारी मुले किती? ज्यांचे आईबाप फी भरू शकतात, ती. वस्तीतल्या पोरांचे काय? म्हणून १९७० साली मॅक्लीन आणि त्यांच्या पत्नी डॉलीबाई यांनी हार्टफर्डमध्ये 'आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह' ही संस्था सुरू केली. सोबत बासवादक पॉल ब्राउन, चित्रकार आयोनिस मार्टिन आणि नृत्य शिकवणाऱ्या शेरिल स्मिथ होत्या. संगीत, नृत्य, नाटक, चित्रकला आणि कराट्यासारख्या युद्धकला, सगळे एका छताखाली. पोराने मोठा कलाकारच व्हावे, असा हट्ट नव्हता. शाळा सुटल्यापासून रात्र होईपर्यंतचे जे तास असतात, ते पोराला गल्लीतून ओढून नेतात. त्या तासांत त्याच्या हातात काहीतरी द्यायचे, ही त्यामागची साधी गोष्ट. ज्या वयात जॅकीला स्वतःला सुईने गाठले, त्याच वयाच्या मुलांसाठी हे दार उघडले.

माता-भगिनींनो, इथे डॉलीबाईंचे नाव मोठ्याने घेतले पाहिजे. नवरा व्यसनात होता, तुरुंगात जात होता, तेव्हा घर आणि मुले त्यांनी सांभाळली. संस्था सुरू झाल्यावर तिचा कारभारही त्यांनीच अनेक वर्षे हाकला. पैसा उभा करणे, जागा मिळवणे, शिक्षक टिकवणे, हे काम टाळ्या मिळण्याचे नसते. सॅक्सोफोनचा आवाज लांबपर्यंत ऐकू जातो. हिशेबाच्या वहीचा जात नाही. पण वही नसती तर संस्था राहिली नसती. संस्था बरीच वर्षे एका जुन्या शाळेच्या इमारतीत चालली. १९९९ साली अल्बनी अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर तिची स्वतःची नवी इमारत झाली. एकोणतीस वर्षे लागली. शहराच्या चांगल्या भागात नव्हे, वस्तीतच इमारत बांधली.

फळ काय मिळाले? ट्रॉम्बोनवादक स्टीव्ह डेव्हिस हार्ट विद्यालयात मॅक्लीन यांच्याकडे शिकला, नामांकित पथकांत वाजवला, आणि पुढे त्याच विद्यालयात शिकवू लागला. हार्टफर्डमध्येच जन्मलेला सॅक्सोफोनवादक जिमी ग्रीन हाही त्यांचाच विद्यार्थी. मुलगा रेने हाही सॅक्सोफोनवादक झाला आणि बापलेकांनी एकत्र तबकड्या केल्या. आणि ज्यांची नावे कुठल्याच तबकडीवर नाहीत, पण जी मुले त्या तासांत गल्लीऐवजी नाचाच्या, ढोलाच्या वर्गात होती, त्यांची मोजदाद कोण करणार?

मानसन्मान आले, ते थोडक्यात सांगतो. २००० साली विद्यापीठातल्या त्या विभागाला त्यांचेच नाव देण्यात आले. २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यांना 'जॅझ मास्टर' हा किताब दिला. ३१ मार्च २००६ रोजी हार्टफर्डमध्येच त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कला परत जाऊन फक्त वाजवत राहिले असते तर कदाचित नाव आणखी गाजले असते. ते मुलांजवळ राहिले.

आता आपल्याकडे येऊ, आणि भाषण आवरते घेऊ.

आपल्या वस्त्यांत सूर कमी नाही. बँडमध्ये वाजवणारे तरुण आहेत, भीमगीते गाणाऱ्या मुली आहेत, ढोलकीवर हात बसलेली माणसे आहेत. लग्नसराई संपली की वाद्ये कापडात गुंडाळून माळ्यावर जातात. त्यांच्याकडून शिकायला कोणी पाठवत नाही, आणि त्यांना कोणी शिकवा म्हणत नाही. उलट 'बँडवाला' हा शब्द आपणच हलका करून ठेवला आहे. मॅक्लीन यांनी त्यांच्या विभागाच्या दारावर जे नाव लावले, त्यामागचा विचार आपण आपल्या बँडवाल्यांना लावून पाहू या. ज्याच्या हाती विद्या आहे तो शिक्षक. हा विहार आठवड्यातले किती दिवस संध्याकाळी कुलूपबंद असतो, हे समितीला आम्ही सांगायला नको. दोन संध्याकाळी दार उघडे ठेवा. चार वाद्ये, एक शिकवणारा, आणि हिशेब ठेवणारी एक ताई, इतक्यावर सुरुवात होते.

दुसरी गोष्ट व्यसनाची. पाचवे शील आपण दररोज ग्रहण करतो. पण वस्तीतला एखादा पोरगा घसरला की आपण पहिले काय करतो? त्याचे कार्ड काढून घेतो. म्हणजे त्याला मंडळातून काढतो, पथकातून काढतो, दारात उभे करत नाही. व्यसनाला माफी नको, हे खरे. पण माणसाला परत यायला जागा लागते. मॅक्लीन यांना ती जागा घरात मिळाली, कामात मिळाली, म्हणून एक व्यसनी वादक शेकडो मुलांचा गुरुजी झाला. तिसाव्या वर्षी त्यांच्यावर फुली मारली असती, तर हार्टफर्डच्या त्या वस्तीत ती इमारत उभी राहिली नसती.

आणि समोर बसलेल्या बालमित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. तुम्ही खूप मोठे व्हा. दूर जा, नाव कमवा. ज्यांनी तुमच्यासाठी दार उघडे ठेवले त्यांची आठवण ठेवा, आणि शिकून झाल्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ इथे या. तुमच्यामागून येणारा पोरगा दाराशी उभा असेल.



नमो बुद्धाय. जयभीम.